पान, मीठ आणि नेम

जमलेल्या बंधुभगिनींपुढे उच्च रक्तदाबाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो. मठाच्या उत्सवात वैद्यकाचा विषय कशासाठी, अशी शंका कोणास येईल. परंतु चाळिशी-पन्नाशीतील गृहस्थाचा रक्तदाब दवाखान्यात केवळ मोजला जातो. तो आवरायचा असतो घरच्या पंक्तीत, सणावारांत आणि उपासतापासांत. तेव्हा हा विषय आपल्या आचाराचाच आहे.

या विकाराचे कपट असे की, तो बहुधा काहीच दुखवीत नाही. निरनिराळ्या दिवशी मोजून वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक आढळला, म्हणजे डॉक्टर निदान करतात. रोगी मात्र 'मला काहीच होत नाही' म्हणून हिंडत असतो. दुखणे वाटले तरच औषध, ही आपली जुनी रीत येथे घातक ठरते. पुढे पक्षाघात, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार उद्भवतो, तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

आता मिठाचा विचार करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसास दिवसाकाठी ५ ग्रॅमांहून कमी, म्हणजे लहान चमचाभराच्या आतच, मीठ पोटात जावे. पानावर वाढलेली चिमूट डोळ्यांस दिसते. लोणचे, पापड, सांडगी मिरची आणि खारवलेली मासळी यांतील मीठ दिसत नाही. उपवासाला सैंधव चालते हे खरे. तथापि सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. शिवाय खाल्ल्या मिठाला जागावे, असे मानणारा आपला समाज. येथे पाहुण्यास अळणी वाढणे यजमानाला कमीपणाचे वाटते, आणि वाढलेले नाकारणे पाहुण्याला.

घरची गृहिणी यजमानांची गोळी वेळेवर पुढे करते. स्वतःची मात्र एकादशीला 'आज उपास आहे' म्हणून वगळते. भगिनींनो, औषधाने व्रतभंग होत नाही. निर्जळी उपवास करावयाचा असल्यास मात्र आधी डॉक्टरांस विचारावे, कारण काही गोळ्यांनी शरीरातील पाणी कमी होते.

ही औषधे परकी, म्हणून नकोत, असेही काही जण म्हणतात. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली आपल्याच सर्पगंधेचा या विकारावरील उपयोग ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात मांडला. १९५२ साली त्या मुळीतून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. आज अधिक सोयीची औषधे असल्याने ते मागे पडले आहे. यातून घ्यावयाचा बोध इतकाच की, औषध देशी असो वा विदेशी, मात्रा मोजावी लागते आणि गुण तपासावा लागतो. म्हणून आपल्या मनाने मुळी उगाळून घेऊ नये, आणि आकडा उतरला म्हणून गोळीही सोडू नये. आकडा उतरला आहे तो बहुधा गोळीमुळेच.

नेम कसा पाळावा हे या सभेस सांगावयास नको. नित्याची पूजा आणि नामस्मरण आपण प्रवासातही चुकवीत नाही. त्याच नेमात सकाळच्या गोळीला स्थान द्यावे, वेळोवेळी रक्तदाब मोजून घ्यावा, आणि आजच्या महाप्रसादाच्या पंक्तीपासून लोणच्या-पापडाचा आग्रह कोणी कोणास करू नये, एवढीच नम्र विनंती.