खिशातील संगीत

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने पूर्वजांच्या श्रमांविषयी व उपकारकर्त्यांविषयी बोलावे, असा शिरस्ता आहे. आणि ते काम आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. म्हणून आम्ही आपणांपुढे एक अगदी लहान वस्तू ठेवू इच्छितो. ती वस्तू म्हणजे कमरेच्या पट्ट्यास अडकवून कोठेही नेता येणारा कॅसेट-वादक, ज्यास सर्व जग 'वॉकमन' या नावाने ओळखते. तरुण मंडळी हसतील, तर खुशाल हसोत. परंतु आज ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, त्यांच्यापुढे हे नाव काढताच त्यांच्या मुद्रेवर एक प्रकारची हळहळ उमटते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. त्या हळहळीत खरे मोल किती आणि गेलेल्या तारुण्याचा मोह किती, आणि तीतून आज आपणांवर काही कर्तव्य येऊन पडते काय, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम कॅसेटच्या जन्माविषयी दोन शब्द. पूर्वीचे ध्वनिमुद्रण-यंत्र मोठ्या उघड्या रिळांवर चालत असे. फीत हाताने ओवावी लागे, आणि ते यंत्र एका जागेहून दुसरीकडे नेणे म्हणजे हमालीच होती. फिलिप्स कंपनीच्या बेल्जममधील हासेल्ट येथील शाखेत लू ओटेन्स नावाचे डच इंजिनियर होते. त्यांनी कोटाच्या खिशात मावेल असा एक लाकडी ठोकळा करून घेतला आणि नवे यंत्र याहून मोठे होता कामा नये, असा दंडक घातला. त्या प्रयत्नातून निघालेली कॅसेट १९६३ साली बर्लिन येथील रेडिओ-प्रदर्शनात जगापुढे आली. तो ठोकळा पुढे मोटारीचे चाक बदलताना जॅकखाली आधारास लावला गेला आणि तेथेच हरवला, असे सांगतात. मोठ्या शोधांच्या पायाखाली असे हरवलेले लाकूड पुष्कळदा असते! पुढे फिलिप्सने ही कॅसेट बनविण्याची मुभा इतर कंपन्यांस शुल्काविना दिली. तेणेकरून एका देशात भरलेली कॅसेट दुसऱ्या देशातील यंत्रात विनातक्रार वाजू लागली. ओटेन्स हे मार्च २०२१ मध्ये वारले.

तिची आतील रचनाही पाहण्याजोगी आहे. फीत चार मिलिमीटरांहूनही अरुंद; तिच्यावर लोहभस्माच्या बारीक कणांचा लेप. तेवढ्या रुंदीत चार पट्टे, दोन एका बाजूचे आणि दोन दुसऱ्या बाजूचे. एक पोलादी दांडी आणि एक रबरी चाक तिला आपल्यामध्ये धरून दर सेकंदास सुमारे पावणेपाच सेंटिमीटर या गतीने पुढे ओढतात. आणि चुंबकीय मुखावरून जाताना त्या कणांत साठलेली खूण पुन्हा ध्वनी होते. साठ मिनिटांच्या कॅसेटीत अशी सुमारे नव्वद मीटर फीत गुंडाळलेली असे.

ही कॅसेट खिशात घालून चालता चालता ऐकता यावी, ही कल्पना जपानमधील सोनी कंपनीने प्रत्यक्षात उतरविली. कंपनीच्या संस्थापकांपैकी मासारू इबुका यांस दीर्घ विमानप्रवासात संगीत ऐकण्याची आवड होती. पण बरोबरचे यंत्र जड. त्यांच्या सांगण्यावरून बातमीदारांसाठी बनविलेल्या एका लहान ध्वनिमुद्रकातून मुद्रणाचा भाग काढून टाकण्यात आला, आणि दोन्ही कानांस निरनिराळा नाद पोहोचविणारी सोय त्यात बसविण्यात आली. जे यंत्र आवाज मुद्रित करू शकत नाही ते विकत कोण घेणार, अशी शंका कंपनीतील अनेकांस वाटली. १ जुलै १९७९ रोजी ते ३३,००० येनांस विक्रीस निघाले. पहिल्या महिन्यात जेमतेम तीन हजार नग खपले. परंतु ऑगस्ट सरतो न सरतो तोच तयार केलेले सर्व तीस हजार संपले.

आता, श्रोतेहो, ज्या गोष्टीकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो, ती ही. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन लावण्याची छिद्रे एक नव्हे, दोन होती. कंपनीचे दुसरे संस्थापक आकिओ मोरिता यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, यंत्राचा नमुना घरी नेऊन ते ऐकत बसले, तेव्हा आपल्याला वगळले गेले असे वाटून त्यांच्या पत्नी नाराज झाल्या. एकट्याने ऐकणे हे शिष्टाचारास सोडून होईल, असे मोरितांस वाटले. म्हणून दोघांची सोय झाली; इतकेच नव्हे, तर एक नारिंगी कळही बसविण्यात आली. ती दाबली असता संगीत मंद होई आणि लहान मायक्रोफोनमधून शेजाऱ्याचे बोलणे कानी येई. निर्मात्यांनी दोन माणसांचा विचार केला होता. परंतु घेणाऱ्यांस ते यंत्र आपल्या एकट्याचे हवे होते. आणि पुढील नमुन्यांत ती कळ व ते दुसरे छिद्र मागे पडले.

या दोन छिद्रांत आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. वॉकमनची आठवण निघाली की लोक त्याच्या आवाजाची स्तुती करतात. पण खरे पाहता आजच्या साध्या मोबाइलमधील आवाज त्याहून स्वच्छ असतो. कॅसेटीत अखंड सूं असा ध्वनी असे. सेल उतरू लागले की गायकाचा गळा जड होई. फीत यंत्रात गुंतली तर गाणेच चुरगळे. मग हळहळ कशाची? ज्या अडचणींमुळे एकाचे ऐकणे दुसऱ्याशी बांधलेले राही, त्या अडचणी गेल्या, याची ती हळहळ आहे.

आपल्याकडील स्थिती आठवून पाहा. आखाती देशांत नोकरीस गेलेला कोणी सुटीवर येताना यंत्र घेऊन येई. ते घरात एकच असे. एक हेडफोन दोघा भावंडांनी आपापसांत वाटून घ्यावा, एकाचा डावा कान आणि दुसऱ्याचा उजवा, ही रीत कोणी शिकविली नव्हती. पेन्सिल सेल महाग. ते वाचावेत म्हणून फीत मागे फिरविण्यासाठी कॅसेटीच्या दातेरी भोकात पेन्सिल घालून कॅसेट गरगरा फिरवावी लागे. नावडते गाणे ओलांडणे सोपे नसल्याने तेही ऐकले जाई. आणि काही महिन्यांनी तेच आवडते होई. एक बाजू संपली की खट्ट असा आवाज होऊन यंत्र आपोआप थांबे, आणि आणखी ऐकावे की उठून कामास लागावे, हे ऐकणाऱ्यास ठरवावे लागे. न संपणाऱ्या गाण्याच्या आजच्या काळात तो खट्ट आवाज आम्हांस एखाद्या शहाण्या वडीलधाऱ्यासारखा वाटतो.

शिवाय कोरी कॅसेट मिळत असे. मित्रासाठी गाणी निवडून, त्यांचा क्रम लावून, एका बाजूच्या पंचेचाळीस मिनिटांत शेवटचे गाणे अर्धवट तुटू नये असा हिशेब करून, आतील कागदावर बारीक अक्षरात नावे लिहून जी कॅसेट दिली जाई, ती भेट देणाऱ्याचे दीड तास खर्ची पडल्यावाचून तयार होतच नसे. अशा नकलांमुळे गायक व रचनाकार यांचे नुकसान झाले, हेही न लपविता सांगितले पाहिजे. तथापि देणाऱ्याचा वेळ त्या फितीवर उतरलेला असे. आज गाण्याचा दुवा एका क्षणात पाठविता येतो. आणि म्हणूनच बहुधा तो न ऐकता राहतो.

आणखी एक मोठे कार्य या लहान वस्तूने केले. तबकड्यांच्या काळात कोणाचे गाणे मुद्रित व्हावे, हे प्रायः एका मोठ्या कंपनीच्या मर्जीवर असे. अमेरिकन संशोधक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, उत्तर भारतात स्वस्त कॅसेटीने ही मक्तेदारी मोडली आणि बोलीभाषांतील व लहान समाजांतील गीतांस बाजार मिळाला. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे यांची भीमगीते व भक्तिगीते कॅसेटींनी खेडोपाडी पोहोचविली. गोव्यात आल्फ्रेड रोझ यांच्यासारख्यांची कोंकणी गाणी त्याच मार्गाने घराघरांत गेली. ज्यांच्या गाण्यास पूर्वी कोणी विचारीत नव्हते, त्यांचा कंठ अशा रीतीने लोकांच्या खिशात आला.

यावर कोणी म्हणेल, 'फादर, वॉकमननेच माणसाचे कान बंद केले. आज मुले कानांत बोंडे घालून जेवावयास बसतात, त्याचा आरंभ तेथेच नव्हे काय?' आक्षेप खरा आहे, आणि तो तेव्हाही घेतला जात होता. आगगाडीत शेजारी बसलेला माणूस दिसावा पण त्याच्याशी बोलता येऊ नये, ही सवय त्या यंत्राने लाविली. म्हणून आम्ही त्याचे सरसकट गोडवे गात नाही. ज्या यंत्रात दोन छिद्रे होती, त्यातील दुसरे बंद होण्यास केवळ कंपनी कारण झाली नाही, घेणारेही झाले. वस्तू वाट दाखविते, चालतो माणूस.

असो. ते यंत्र आता बाजारातून बहुतेक उठले आहे. सोनीने २०१० साली जपानमध्ये कॅसेट-वॉकमनची विक्री थांबविली. हौशी लोकांसाठी काही लहान कंपन्या असे वादक अद्याप बनवितात, आणि अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे नव्या कॅसेटीही तयार होतात; परंतु आपल्या घरांतील यंत्रे कपाटाच्या तळाशी निजली आहेत. यंत्राचे आम्हांस फारसे दुःख नाही. चिंता आहे ती त्याच्या शेजारी बुटांच्या खोक्यात पडलेल्या कॅसेटींची.

बाजारातून आणलेले गाणे हरवले तरी ते जगात दुसरीकडे सापडेल. परंतु घरच्या लग्नात म्हाताऱ्या बायांनी म्हटलेली गाणी, गायकवृंदाचा एखाद्या संध्याकाळचा सराव, परदेशी गेलेल्या मुलास पाठविण्यासाठी आजोबांनी खोकत खोकत सांगितलेला निरोप, यांची दुसरी प्रत कोठेही नाही. फितीवरील लेप दमट हवेत सुटू लागतो, पांढरी बुरशी धरते, आतील लोकरी गादीचा डिंक वाळून ती गळून पडते. गायिले ते गेले. आणि त्यांचा आवाजही आता आपल्यादेखत दुसऱ्यांदा जाण्याच्या बेतात आहे.

म्हणून महोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक घराने एक काम हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे. खोके उघडा. कॅसेटीच्या मागील कडेला दोन लहान प्लॅस्टिकचे तुकडे असतात, ते मोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही मुद्रित होणार नाही. बुरशी दिसली तर ती वाजवू नका. जाणकाराच्या हाती द्या. चांगली असेल तर यंत्राचे मुख स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या आणि हेडफोनच्या छिद्रातून तार काढून संगणकास जोडा. त्यात कोण बोलले, कोण गायिले, कोणत्या साली, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवा. कारण उद्या ते सांगणारेही नसतील.

या कामास घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरविण्यास साठ मिनिटेच लागतात. तेथे कोणालाही सवलत नाही. तेव्हा त्या वेळी नातवाने आजीस शेजारी बसवावे. आजी आवाज ओळखील, नातू नाव टिपून घेईल. एका तारेतून दोघे ऐकतील. आणि त्या दुसऱ्या छिद्राचा खरा उपयोग इतक्या वर्षांनी का होईना, आपल्या घरी होईल.