सही आपली, मग इंजिनही आपणच बघू

आम्ही देगलूर तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया. आजचा विषय शेळीपालनाचा नाही, शिलाई मशीनचा नाही आणि पापड-मसाल्याचाही नाही. आज आपण ट्रकच्या इंजिनाबद्दल बोलणार आहोत. हसू नका, कारण ऐका.

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलासाठी जुना सहा चाकी ट्रक घेतला. कर्जाच्या कागदावर गटातल्या दहाही जणींच्या सह्या होत्या. गाडी बघायला मात्र घरातले पुरुष गेले. रंग नवा, समोर गोंडे, लिंबू-मिरची लटकवलेली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. विकणारा म्हणाला, आत्ताच फेरी मारून आलोय. सगळे खूश झाले. तिसऱ्या महिन्यात सोयाबीनची पोती घेऊन नांदेडच्या मोंढ्याकडे निघालेली ती गाडी नरसीच्या अलीकडे बंद पडली. मिस्त्रीनं इंजिन खोललं आणि सांगितलं, हे आधीच गेलेलं होतं, गरम करून तुम्हाला दाखवलं. ऐन हंगामात गाडी दीड महिना गॅरेजला उभी राहिली. हप्ता काही थांबला नाही. तो आम्ही पाळीपाळीनं भरला. एकीनं त्यासाठी गाभण शेळी विकली.

त्यात आमचीही चूक होती. सही करताना आम्ही एकीनंही विचारलं नाही की इंजिन कोणी बघितलं. आता दुसऱ्या एका ताईंचा गाडीसाठी अर्ज आलाय. म्हणून यावेळी आम्ही ओळखीच्या दोन जुन्या मिस्त्रींकडे बसून सगळं समजून घेतलं. तेच तुम्हाला सांगतो.

आधी डिझेल इंजिन चालतं कसं ते बघू. सायकलीत हवा भरताना पंप खाली गरम होतो ना? हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात की ती प्रचंड तापते, मग तिच्यात डिझेलचा बारीक फवारा पडतो आणि ते आपोआप पेट घेतं. पेट्रोल गाडीसारखा ठिणगीचा प्लग इथं नसतो. म्हणजे दाब हाच डिझेल इंजिनाचा जीव. आतल्या रिंगा, लायनर झिजले की दाब गळतो, आणि थंडीत सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, गाडी सकाळी बघायला जायचं. बॉनेटला हात लावायचा. गरम लागलं तर सांगायचं, दादा, आम्ही उद्या पहाटे येतो, तोवर सुरू करू नका. थंड इंजिन किती वेळात सुरू होतं ते आपल्या डोळ्यांनी बघायचं.

दुसरी गोष्ट धूर. चुलीपुढं आयुष्य गेलेल्या बाईला धूर ओळखायला कोणी शिकवायला नको. काळा धूर सतत येत असेल तर डिझेल जास्त आणि हवा कमी पडतेय. कधी नुसता एअर फिल्टर तुंबलेला असतो, कधी इंजेक्टर किंवा टर्बोचं काम निघतं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, हे मोठ्या खर्चाचं लक्षण. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला थोडा आला तर चालतो. इंजिन तापल्यावरही येतच राहिला तर दाब कमी आहे किंवा आत पाणी शिरतंय.

तिसरी गोष्ट, ऑइलची पट्टी काढून बघायची. डिझेल गाडीचं ऑइल काळं असतंच, त्याला घाबरू नका. पण ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं, गरम असताना उघडलं तर तोंड भाजेल. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर ती गाडी सोडून द्यायची.

चौथी गोष्ट मिस्त्रीकडून करून घ्यायची. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करतात. तिथून भकभक धूर आला तर त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. आमच्या ताईंच्या गाडीला नेमकं हेच होतं. दोन मिनिटांची तपासणी होती, पण कोणी केली नाही. मिस्त्री आपला असावा, विकणाऱ्यानं आणलेला नको. त्याची मजुरी गटानं द्यावी.

पाचवी गोष्ट, भरलेली गाडी चढावर चालवून बघायची. आपल्याकडून उदगीरकडं जाताना चढ लागतो, तिथं न्यावी. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर कुणाचीही पळते.

आता कोणतं इंजिन घ्यावं? ज्याचे सुटे भाग देगलुरात, निदान नांदेडला मिळतात आणि जे इथल्या मिस्त्रीला खोलता येतं, ते. विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन वर्षानुवर्षं का टिकलं? गावातल्या माणसाला ते दुरुस्त करता येत होतं. तसंच ट्रकचं.

वर्षही बघा. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी नुसती गाव ते मोंढा अशी जवळजवळ फिरली तर तो तुंबतो, अधूनमधून लांब रस्त्यावर एका वेगानं चालवावी लागते. मोठ्या गाड्यांना युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. त्यात शेतातला युरिया पाण्यात कालवून कधीच टाकू नका, पूर्ण यंत्रणा बिघडते. विकतचं तयार द्रावणच घालायचं.

हिशोबही मांडा. समजा महिन्याला २,००० किलोमीटर गाडी फिरली. लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी १६७ लिटर पिते, १० देणारी २०० लिटर. ९० रुपयांचा भाव धरला तरी महिन्याला तीन हजारांचा फरक. एवढ्यात एखादीचा हप्ता निघतो.

शेवटी कागद. आरसी, विमा, फिटनेस, आणि आधीचं कर्ज फिटल्याचं पत्र बघा. तेलंगणा किंवा कर्नाटकातली गाडी स्वस्त सांगतात, पण तिकडच्या आरटीओचं ना हरकत पत्र आणि इथला कर धरून किंमत मोजा.

आमच्या गटानं आता ठराव केलाय. थंड इंजिन आमच्यापैकी दोघींनी बघितल्याशिवाय आणि आपल्या मिस्त्रीनं होकार दिल्याशिवाय कुणीच सही करायची नाही. परवा पहिली गाडी बघायला गेलो, तर विकणारा म्हणाला, बायांना काय कळतं यातलं? आमच्या शेळी विकलेल्या ताईंनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, गरम आहे, उद्या येतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गाडी सुरूच झाली नाही. आम्ही चहा पिऊन परत आलो. ताईंचा अर्ज अजून तसाच आहे, गाडी शोधणं चालू आहे. तुमच्या गटात असा अर्ज आला तर एवढं लक्षात ठेवा.