अकोल्याच्या फलाटावरचा वाशीमकर

पूर्णा–अकोला मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला. अकोल्यात गाडी बदलण्याचा वाशीमकरांचा जाच मात्र सरला नाही. वाशीमचा मार्ग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात, तर अकोला स्थानक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. वक्तशीरपणाचा हिशेब गाडीगणिक होतो, उतारूगणिक नव्हे. वाशीमची गाडी वीस मिनिटे उशिरा आली व मुंबईची वेळेवर सुटली, तर एका वहीत वीस मिनिटे, दुसरीत शून्य. फलाटावर रात्र काढणारा शेतमजूर कोणत्याच वहीत नाही. (त्याचा रोज बुडतो तो निराळाच.) स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये गाड्यांची जुळणी धरूनच देशाचे वेळापत्रक आखले. येथे निदान जोडगाडी किती मिनिटे थांबेल, एवढे तरी छापील वेळापत्रकात बांधून घ्यावे. त्याला नवा रूळ लागत नाही. त्यासाठीचे निवेदन नांदेड व भुसावळ येथे एकाच दिवशी गेले पाहिजे.