गुरांचे रोगनिदान : एक अनुभव

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्या व्यवसायाविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही गुरांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत वरिष्ठ शास्त्रज्ञ आहो, हे ऐकून पुष्कळांस आम्ही गुरांवर औषधोपचार करतो असे वाटते. वस्तुतः गुरे आमच्याकडे क्वचितच येतात. येतात त्या रक्ताच्या कुप्या.

सांसर्गिक गर्भपाताचेच उदाहरण घ्या. या जातीचा जंतू ब्रुस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून वेगळा केला. गाईंतील त्याचा भाऊबंद बांग यांना १८९७ मध्ये डेन्मार्कात सापडला. परीक्षा दिसावयास सोपी. रक्तजलाचा एक थेंब आणि मृत जंतूंच्या गुलाबी द्रवाचा एक थेंब पांढऱ्या फरशीवर मिसळून ४ मिनिटे हलवावयाचा. कण गोळा झाले, तर रक्तात त्या जंतूविरुद्ध प्रतिद्रव्ये आहेत असे समजावयाचे.

काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याची गाय सातव्या महिन्यात गाभडली. दुसऱ्याच दिवशीचे रक्त आमच्याकडे आले. कण गोळा झाले नाहीत. ‘रोग आढळला नाही’ असे लिहून आम्ही सही केली. वाक्य खरे होते. परंतु गाभडण्याच्या सुमारास प्रतिद्रव्ये कित्येकदा उमटलेलीच नसतात. दोनतीन आठवड्यांनी पुन्हा रक्त पाठवा, ही एक ओळ आम्ही लिहिली नाही. गाय गोठ्यातच राहिली. पुढे आणखी दोन गाई गाभडल्या, आणि उघड्या हातांनी जार उचलणाऱ्या त्या घरच्या सूनबाईंस चढउताराचा ताप व सांधेदुखी जडली. प्रथम हिवताप, मग विषमज्वर समजून उपचार झाले. खरा रोग कळल्यावर ६ आठवडे औषधे घ्यावी लागली. तो शेतकरी अहवाल घेऊन आमच्यासमोर उभा राहिला. रागावला नाही. “साहेब, तुम्ही तर रोग नाही म्हणाला होता,” एवढेच बोलला.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दुभती जनावरे आहेत, म्हणून सांगतो. कालवडींस ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच लस टोचून घ्यावी. गाय गाभडल्यास हातमोज्यांवाचून जाराला शिवू नये. तो खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावा. दूध उकळूनच प्यावे. (निरसे दूध पौष्टिक म्हणणारे वडीलधारे आमच्याही घरी होते, त्यांची क्षमा मागतो.) आणि कुपीवर गाय गाभडल्याची व रक्त घेतल्याची तारीख अवश्य लिहावी. ती नसेल तर आम्ही आता दूरध्वनी करून विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत अहवाल सहीवाचून मेजावर पडून राहतो.