इंजिन बांधावे की बदलावे?

(पिकअप गाड्यांच्या मालक-चालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आज येथे जमलेले आपण बहुतेक सर्वजण एकेका जुन्या पिकअप गाडीचे धनी आहात; आणि आपणांपैकी कित्येकांच्या बाबतीत मालक, चालक आणि हमाल ही तिन्ही माणसे एकच आहेत. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, जुन्नर भागातील भाजीपाला रातोरात माळशेज घाट उतरून वाशीच्या बाजारात पोहोचवणे आणि परतीला मिळेल ते भाडे घेऊन तोच घाट पुन्हा चढणे, हा आपला नित्याचा व्यवसाय. गाडी चालली तर घरची चूल चालते. गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर वर्षानुवर्षांची बांधलेली गिऱ्हाइके दुसऱ्याकडे जातात. म्हणून इंजिनाने दगा दिला म्हणजे तेच इंजिन उघडून पुन्हा बांधावे, की ते उतरवून दुसरे चढवावे, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही. तो सबंध कुटुंबाचा होतो. या प्रश्नाचे उत्तर कोणत्या रीतीने शोधावे, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

काही काळापूर्वी एक गाडीवान माझ्याकडे आले होते. गाडी १४ वर्षांची. परतीला सिमेंटची पोती भरून घाट चढताना तिचा दम तुटू लागला होता. सायलेन्सरमधून निळसर धूर निघत होता आणि दर दोन-तीन फेऱ्यांना लिटरभर ऑइल घालावे लागत होते. एका मिस्त्रींनी त्यांना सांगितले, ‘‘इंजिन संपले. दुसरे जुने इंजिन आणून टाका, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर.’’ दुसऱ्यांनी सांगितले, ‘‘फुल इंजिन काम करून घ्या.’’ दोघांनीही बोनेट उघडून आवाज ऐकला होता. मोजले मात्र कोणीच काही नव्हते. गाडीवान मला म्हणाले, ‘‘मास्तर, कर्ज तर दोन्हीकडे काढायचेच आहे, मग कशासाठी काढू एवढेच सांगा.’’

मी त्यांना म्हटले, ‘‘कर्जाचा अर्ज आणखी दोन दिवस थांबवा. आधी इंजिनालाच विचारू.’’

प्रथम परीक्षा, मग निर्णय

इंजिन आपल्या प्रकृतीची लक्षणे आपणहून सांगत असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. त्यासाठी नोझल, पंप, हवेचा फिल्टर आणि टर्बो तपासावा लागतो. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा आत शिरलेले पाणी. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले तर पाण्याने ऑइलमध्ये वाट काढली आहे असे समजावे. केवळ काळ्या धुरावरून इंजिन उतरवून ठेवलेले आणि पुढे दोष निव्वळ नोझलचा निघालेला, असेही प्रसंग मी पाहिले आहेत.

लक्षणांनंतर मापे. इंजिन गरम असताना प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे आणि निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान मर्यादेशी ताडून पाहावे. चारही सिलिंडर सारखेच उतरलेले असतील तर ती सर्वसाधारण झीज होय. एकच सिलिंडर खाली गेला असेल तर दोष त्या जागेपुरता असण्याचा संभव अधिक. त्या गाडीची मापे दर चौरस सेंटिमीटरला २७, २६, १७ आणि २६ किलो अशी आली. तिसऱ्या सिलिंडरने आपले दुखणे सांगितले होते.

त्यानंतर गळतीची परीक्षा. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडायची आणि ती कोठून निसटते ते ऐकायचे. सायलेन्सरमधून आवाज आला तर बाहेरचा व्हॉल्व्ह धरत नाही. हवेच्या पाइपातून आला तर आतला. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट गेले किंवा हेड तडकले. ऑइल भरण्याच्या तोंडातून हवा आली, ज्याला आपण ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतो, तर रिंगा किंवा बोअर खराब. आपल्या गाडीवानांच्या इंजिनात हवा तेथूनच येत होती. या दोन परीक्षांना अर्धा दिवस लागतो, आणि इंजिन खाली उतरवावे लागत नाही.

उघडल्यानंतर काय पाहावे?

इंजिन बांधण्याजोगे आहे की नाही, हे मुख्यतः दोन वस्तू ठरवतात: ब्लॉक आणि क्रँक. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, गॅस्केट, व्हॉल्व्ह या बदलण्याच्याच वस्तू आहेत. ब्लॉकला तडा नाही ना, बोअर किती झिजला आणि किती लंबगोल झाला, हे गेजने मोजावे. बोअरची झीज सर्वांत वरच्या रिंगेच्या जागी जास्त असते. तेथे बोटाला एक कड लागते. बोअर वाढवून पुढच्या मापाचा पिस्टन बसतो का, किंवा स्लीव्ह बदलता येते का, हे पाहावे. क्रँकच्या जर्नलची मापे मायक्रोमीटरने घ्यावीत. ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ग्राइंडिंग करून त्या मापाची बेअरिंगे मिळत असतील तर क्रँक वाचला. हेड फेसिंगच्या मर्यादेत असले की उरते ते केवळ व्यवस्थित काम.

त्या गाडीत तिसऱ्या पिस्टनची वरची रिंग तुटलेली होती आणि बोअरवर उभे ओरखडे पडले होते. ब्लॉक शाबूत होता, क्रँक एका ग्राइंडिंगमध्ये बसणारा होता. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट इंजिनाच्या बाहेर सापडली. हवेचा फिल्टर आणि इंजिन यांच्यामधील रबरी पाइप खालच्या बाजूने फाटलेला होता. फिल्टर स्वच्छ, पण त्याला वळसा घालून कच्च्या रस्त्यांची धूळ थेट आत जात होती. इंजिन वयाने थकले नव्हते. त्याला धूळ खाऊ घातली जात होती. दुसरे इंजिन आणून चढवले असते तर हाच फाटका पाइप त्यालाही जोडला गेला असता.

म्हणून मी आग्रहाने सांगतो की, इंजिन का गेले याचे कारण सापडल्यावाचून ते बांधूही नये आणि बदलूही नये. रेडिएटर अर्धा बुजलेला असेल, थर्मोस्टॅट अडकत असेल, ऑइल वेळेवर बदलले जात नसेल, तर नवे येणारे इंजिनही त्याच वाटेने जाईल.

इंजिन कधी बदलावे?

इंजिन बदलणे नेहमीच अयोग्य, असे माझे म्हणणे नाही. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. मुख्य बेअरिंगच्या जागाच जळाल्या. क्रँक यापूर्वीच शेवटच्या मापापर्यंत घासला गेला. अथवा बांधणीचे सुटे भाग मिळेनासे झाले, तर त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन चढवणे शहाणपणाचे ठरते. मात्र तेही वरच्याच परीक्षा करून घ्यावे. विकणाऱ्याचा शब्द हे कॉम्प्रेशनचे माप नव्हे.

निराळ्या बनावटीचे इंजिन चढवण्याचा मोह मात्र टाळावा. त्याला माउंटिंग वेगळे, गिअरबॉक्सची जोडणी वेगळी, रेडिएटर अपुरा पडतो. अलीकडच्या कॉमन रेल इंजिनांना तर स्वतःचा संगणक आणि स्वतंत्र वायरिंग असते. स्वस्त म्हणून आणलेले इंजिन बसवण्यातच महाग होते.

याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातील तपशील आणि निर्मात्याने दिलेला मूळ तपशील यांत तफावत पडेल असा फेरबदल मालकास करता येत नाही. इंजिन बदलले की त्यावरचा क्रमांक बदलतो. तेव्हा परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी आणि नव्या क्रमांकाची नोंद पुस्तकात व विमापत्रात करून घ्यावी. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमतीही घ्यावी. इंजिन विकत घेताना पावती आणि ते ज्या गाडीचे होते तिची कागदपत्रे मागावीत. कागदाविना घेतलेले इंजिन चोरीचे निघाले तर गाडी जागेवर अडकून पडते. उलट, स्वतःचेच इंजिन बांधले तर क्रमांक तोच राहतो आणि हा प्रश्नच उद्भवत नाही.

खर्चाचा हिशेब

खर्चाची तुलना एकूण रकमेवर करू नये. ती दर किलोमीटरवर करावी. केवळ रीत समजण्यासाठी काही आकडे कल्पून घेऊ. समजा, बांधणीस ९०,००० रुपये लागले आणि इंजिन पुढे १,५०,००० किलोमीटर चालले. तर किलोमीटरला ६० पैसे पडले. समजा, जुने इंजिन बसवण्यासह ६०,००० रुपयांत मिळाले, पण ५०,००० किलोमीटरवर थकले. तर किलोमीटरला १ रुपया २० पैसे पडले. आपल्या गाडीचे आकडे वेगळे असतील. ते आपल्या वहीत आपण मांडावेत, आणि त्यात गाडी उभी राहील त्या दिवसांचे बुडालेले भाडेही धरावे. घाई असेल तर इंजिन बदलणे लवकर होते, हा त्याचा खरा गुण आहे; तो नाकारू नये.

तिसरा मार्गही ध्यानात असू द्यावा. चॅसी गंजून तडकली असेल, गिअरबॉक्स व डिफरन्शिअल शेवटच्या घटका मोजत असतील, तर उत्तम बांधलेले इंजिनही वाया जाईल. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते केवळ इंजिनावर मिळत नाही. अशा गाडीवर कर्ज काढण्यापेक्षा ती नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात रीतसर जमा करून प्रमाणपत्र घेणे बरे. तेव्हा इंजिनाची परीक्षा करण्यापूर्वी गाडीखाली एकदा आडवे होऊन चॅसी पाहावी.

बांधणीनंतरची काळजी

बांधणीचा निर्णय झाला तर बोअरिंग आणि क्रँकची मापे लेखी घ्यावीत. हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने, सांगितलेल्या क्रमानेच आवळले जावेत. नोझल व पंप तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. पहिल्या काही फेऱ्या अर्ध्या भाराने, इंजिनावर ताण न देता कराव्यात, आणि पहिले ऑइल व फिल्टर लवकर बदलावा. नव्या रिंगा बोअरशी जुळण्याचा तो काळ असतो. घाईने पूर्ण भार घालून घाट चढवला तर केलेल्या कामावर पाणी पडते.

त्या गाडीवानांनी इंजिन बांधून घेतले. गाडी नऊ दिवस उभी राहिली. भावकीतल्या एकांनी आपल्या गाडीने त्यांची गिऱ्हाइके तेवढे दिवस सांभाळली. कर्ज काढावे लागलेच. पण ते कशासाठी काढले हे आता त्यांना ठाऊक होते. पुढे ते भेटले तेव्हा इंजिनाविषयी फारसे बोललेच नाहीत. दर आठवड्याला हवेच्या पाइपाखालून हात फिरवून पाहतो, एवढे मात्र त्यांनी आवर्जून सांगितले.

मित्रहो, मिस्त्रींच्या अनुभवाचा मान ठेवा. पण त्यांना नम्रपणे विचारा, ‘‘मापे काय आली?’’ चार सिलिंडरची चार मापे, गळती कोठून आहे ती जागा, ब्लॉक व क्रँकची स्थिती आणि बिघाडाचे कारण एवढे एका कागदावर लिहून होईपर्यंत कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका. तो कागद भरला की इंजिन बांधावे, बदलावे की गाडीच सोडावी, याचा निर्णय आपणां स्वतःलाच घेता येईल.