हिवाळ्यातील नाजूक रोपे आणि अल्पखर्ची पात्रे



विंध्याच्या कड्यावर माळव्याचे पठार व कड्याखाली नर्मदेचे खोरे, अशी धार जिल्ह्याची रचना आहे. १९४८ पर्यंत पवारांच्या धार संस्थानात मोडणारी कुक्षी या खालच्या भागात, म्हणजे निमाडात वसलेली आहे. पठारापेक्षा येथील थंडी सौम्य असते. त्यामुळेच शेतकरी बहुधा बेसावध राहतो. परंतु पौष-माघातील एखाद्या निरभ्र, निर्वात रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, थंड हवा सखल भागात साचते आणि कोवळी रोपे पहाटेपर्यंत काळवंडतात. माळव्यात यालाच ‘पाला पडणे’ म्हणतात.

पपईचे उदाहरण घ्यावे. फेब्रुवारी-मार्चमधील लागवडीसाठी तिची रोपे ऐन थंडीतच तयार करावी लागतात. तापमान १० अंश सेल्सिअसखाली गेले की त्यांची वाढ खुंटते. संकरित बियाणे तर ग्रॅमच्या मापाने विकत घ्यावे लागते. एका रात्रीत वाफा गेला की बियाण्याचा पैसा जातो आणि लागवडीचा हंगामही हुकतो. अंगणातील तुळस, पानवेल व क्रोटन यांचीही हीच कथा. वाफ्यातील रोप उचलता येत नाही. पात्रातील रोप मात्र संध्याकाळी ओसरीत आणता येते. पात्राचे खरे महत्त्व या एका गोष्टीत आहे.

अशा पात्रांसाठी पैसे खर्चावेच लागतात असे नाही. गोड्या तेलाचा रिकामा डबा, फुटका माठ, बांबूची जुनी टोपली, पळसाच्या पानांचे द्रोण, ही सामग्री घरोघरी वा गावाच्या शिवारात मिळते. डबा स्वच्छ धुऊन त्याच्या तळाला चार-पाच भोके पाडावीत, भोकांवर खापराचे तुकडे ठेवावेत आणि माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग मिसळून भरावे. पाणी साचले तर रोपे थंडीआधी मूळकुजीनेच मरतात. पळसाच्या द्रोणातील रोप द्रोणासह खड्ड्यात लावता येते; मुळांना धक्का पोहोचत नाही. कीटकनाशकाचे डबे मात्र कितीही धुतले तरी वापरू नयेत. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे, हेही ध्यानी ठेवावे.

मातीच्या कुंडीविषयी एक सूचना आवश्यक आहे. माठाच्या अंगातून पाणी झिरपून वाफ होते व आतील पाणी गार राहते. उन्हाळ्यातला हा गुण हिवाळ्यात दोष ठरतो, कारण त्याच रीतीने मुळेही गारठतात. म्हणून कुंडीला गोणपाट गुंडाळावे, किंवा ती मोठ्या डब्यात ठेवून मधल्या जागेत भुसा वा वाळके गवत दाबून भरावे. सुटे लहान पात्र लवकर थंड होते. यास्तव सर्व पात्रे दक्षिणेकडील भिंतीलगत एकमेकांना चिकटून ठेवावीत. रात्री वरून गोणपाट घालावे व सकाळी ऊन येताच काढावे. प्लास्टिकचा कागद घातल्यास तो पानांना टेकू देऊ नये; जेथे टेकतो तेथेच पान करपते. पाणी बेताचे व सकाळीच द्यावे.

रोप झाकून जगविण्याच्या कल्पनेला इतिहास आहे. लंडनमधील डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास बंद काचेच्या बाटलीतील ओलसर मातीत नेचा उगवलेला पाहिला. त्यातून काचेची पेटी तयार झाली आणि अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८५१ मध्ये चीनमधून चहाची रोपे भारतात आणली. तळ कापलेली पाण्याची बाटली रोपावर उपडी ठेवली, तर तीच पेटी गरिबाच्या दारी येते. दिवसा तिचे झाकण तेवढे उघडावे, नाहीतर आत उष्णता कोंडते.

या कामी शाळांचे साहाय्य मोलाचे ठरेल. प्रत्येक विद्यार्थ्याने एक डबा सांभाळावा. शिक्षकांनी किमान तापमानाची रोजची नोंद फळ्यावर लिहावी. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली येऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वा अधिक उतरले, तर हवामान खाते शीतलहर मानते. असा इशारा मिळताच तो त्याच दिवशी, सूर्यास्तापूर्वी, गावाच्या शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचविणे हे ग्रामसेवक व अधिकारी यांचे कर्तव्य होय. दुसऱ्या दिवशी पोहोचलेल्या सूचनेचा करपलेल्या रोपाला काय उपयोग?

थंडी रोखणे कोणाच्याही हाती नाही. परंतु एक रिकामा डबा, एक जुने गोणपाट आणि संध्याकाळची पाच मिनिटे एवढ्या भांडवलावर पुढील वर्षाची बाग वाचविता येते. ते भांडवल प्रत्येक घरात आहे. अगत्य आहे ते वेळीच हात हलविण्याचे.