नाथसागराच्या तळाची जमीन

सूक्ष्म सागरी प्राण्यांच्या चुनखडीच्या सांगाड्यांचे थर साचून समुद्रात जो खडक तयार होतो, त्यास प्रवाळभित्ती म्हणतात, आणि आसरा व अन्न एकाच ठिकाणी मिळत असल्यामुळे मासे तिच्याभोवती गर्दी करतात. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवरील आंग्रिया बँक हा महाराष्ट्रासमोरच्या समुद्रातील असाच एक प्रदेश होय. अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु पैठण येथे गोदावरीवर बांधलेल्या आणि १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाच्या फुगवट्याने, म्हणजे बांधामागे नदीच्या वरच्या अंगाला पसरलेल्या नाथसागर जलाशयाच्या पाण्याने, नेवासे व शेवगाव तालुक्यांतील जी शिवारे बुडविली, त्यांनी माशांच्या दृष्टीने बरेचसे तेच काम पत्करले आहे.

पाण्याखालच्या विहिरींचे कठडे, शेतांचे बांध, घरांची दगडी जोती आणि बाभळीचे खुंट यांवर शेवाळ धरते, शेवाळावर बारीक जीव वाढतात, त्यांच्या मागे लहान मासे येतात आणि लहान माशांच्या मागावर मरळ व शिवडा हे शिकारी मासे फिरतात. मात्र ज्या खुंटाशी मासा असतो, तोच खुंट नायलॉनचे जाळे फाडतो; म्हणून संध्याकाळी होडीतून किंवा थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळे सोडणारा जाणता भोई ते खुंटावर न सोडता त्याच्या शेजारून, माशाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सोडतो. पहाटे जाळे उचलताना वरचा दोर बोटांतून सरकत असतो आणि दोराच्या ओढीवरूनच खाली मासा आहे की काटकी अडकली आहे, हे त्याला कळते. डोके आसातून, म्हणजे जाळ्याच्या छिद्रातून, पुढे गेलेला आणि कल्ल्यांच्या झाकणाशी अडकलेला मासा मागे ओढून निघत नाही, तर धागा झाकणावरून अलगद सरकवून तो मोकळा करावा लागतो.

कटला, रोहू व मृगळ हे मासे वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात, साठलेल्या पाण्यात सहसा घालत नाहीत. त्यामुळे जलाशयात त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, बाहेरून आणून सोडावी लागतात. हीरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन अशा माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून नदीवर अवलंबून न राहता मत्स्यबीज तयार करता येऊ लागले. इतक्या खटपटीने सोडलेली बोटुकली बारीक आसाच्या जाळ्यात उपसणे म्हणजे पुढच्या वर्षाचे उत्पन्न आजच मोडून खाणे होय, आणि ते थांबलेच पाहिजे.

उन्हाळ्यात पाणी मागे हटले की बुडालेल्या जमिनीचा काही भाग उघडा पडतो व तेथे गाळपेर, म्हणजे ओलसर गाळावरची पेरणी, होते. बांध कोठे संपतो आणि विहीर कोठे आहे, हे मच्छिमारांची तरुण पिढी तेव्हाच पाहू शकते. ज्या वृद्धांनी धरणापूर्वी ही शेते कसली, त्यांच्याकडून जागांची जुनी नावे विचारून घेऊन त्यांचा नकाशा मच्छिमार सहकारी संस्थांनी अशाच एखाद्या मे महिन्यात, ती माणसे हयात आहेत तोवर, करून ठेवावा.